आजार खरा होता, पण त्या क्षणी कळत होतं का?

जळगाव-धुळ्याकडं कुठं खून झाला आणि आरोपी 'मेंटल' आहे असं पेपरात आलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पारावर म्हणतात, आता येड्याचं सर्टिफिकेट आणेल आणि सुटेल हा. आणि सेशन कोर्टाच्या आवारात आरोपीची माय वकिलाला हात जोडून सांगते, "साहेब, तो ते येडा शे, त्याले काय समजस?" दोघांनीही एकच गोष्ट धरलेली असते, की डॉक्टरनं आजार आहे म्हणून लिहून दिलं म्हणजे केस संपली. तसं अजिबात होत नाही. आजार सिद्ध होऊनसुद्धा जन्मठेप लागते, आणि असं बऱ्याचदा होतं.

कायदा काय विचारतो ते आधी बघू. पूर्वीच्या आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं, कलम ८४, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२. त्यात साधारण असं आहे की कृत्य करताना मन इतकं बिघडलेलं असेल की आपण काय करतोय हेच कळत नव्हतं, किंवा हे चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, तर तो गुन्हा नाही. सगळा जोर 'करताना' वर आहे. दहा वर्षांपासून गोळ्या चालू आहेत हे एकट्यानं पुरत नाही, आणि घटनेनंतर जेलमध्ये आजार बळावला हेही पुरत नाही. सुप्रीम कोर्टानं २००८ च्या एका निकालात स्पष्टच सांगितलंय की मानसिक आजार असलेला प्रत्येक माणूस आपोआप सुटत नाही, वैद्यकीय वेड वेगळं आणि कायद्यातलं वेड वेगळं.

एक उदाहरण घेऊ, मनानं रचलेलं. समजा रावेरकडचा एक केळीवाला शेतकरी आहे, त्याला सहा महिन्यांपासून पक्कं वाटतंय की चुलतभाऊ ठिबकच्या पाण्यातून विष सोडतो. त्याला आवाज येतात, झोप उडालीय, घरचं जेवण तो हुंगून बघतो. एक दिवस तो विळ्यानं भावाला मारतो. डॉक्टरसाठी हा सिझोफ्रेनियाचा उघड पेशंट. कोर्टाचे प्रश्न मात्र अजून सुरूच व्हायचेत. आपण माणूस मारतोय हे त्याला माहीत होतं का? होतं, त्याला तर मारायचंच होतं. मग ते चूक आहे हे माहीत होतं का? इथं सगळी केस अडकते. 'हा आत्ता माझ्या लेकरांना विष पाजतोय, मारला नाही तर सगळे मरतील' असं त्याला त्या क्षणी खरंच दिसत होतं, की 'यानं माझं वाटोळं केलं, आता बदला घेतो' असं होतं? आजार तोच, भ्रम तोच, पण पहिल्यात सुटायची वाट आहे आणि दुसऱ्यात जवळपास नाही.

हा फरक इंग्लंडातून आलाय. १८४३ साली डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सेक्रेटरी एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली, पील यांचे टोरी पक्षवाले आपल्या जिवावर उठलेत असा त्याचा भ्रम होता. ज्युरीनं त्याला वेडा म्हणून सोडलं, लोक भडकले, आणि मग न्यायाधीशांनी हाऊस ऑफ लॉर्ड्सला नियम सांगितले, त्यातच हे होतं की भ्रम खरा असता तर कृत्य माफ झालं असतं का ते बघा. आपलं कलम ८४ त्याच सावलीत १८६० मध्ये लिहिलं गेलं. तेव्हा मेंदूबद्दल किती माहिती होती? सिझोफ्रेनिया हे नावसुद्धा १९०८ पर्यंत कुणी दिलेलं नव्हतं. आणि २०२३ मध्ये नवीन संहिता आली तेव्हाही कसोटी तीच राहिली, याचं मला वाईट वाटतं.

कारण मेंदू असा काम करत नाही. सायकोसिसमध्ये, म्हणजे भ्रम होतात, आवाज येतात अशा अवस्थेत, डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची व्यवस्था बिघडते आणि बिनमहत्त्वाच्या गोष्टींवर 'हे महत्त्वाचं आहे' असा शिक्का बसायला लागतो, शेजाऱ्याचं खोकणं, मोटरसायकलचा नंबर, पाण्याचा रंग, सगळं आपल्याविषयीच आहे असं वाटतं. पण त्याच वेळी हिशोब, रस्ते, माणसांची नावं, प्लॅन करायची शक्ती बऱ्यापैकी शाबूत असू शकते. त्यामुळं पेशंट बसचं तिकीट काढून, विळा पिशवीत घालून, बरोबर ठरलेल्या गावात उतरू शकतो आणि तरी पूर्ण भ्रमात असू शकतो. सरकारी वकील म्हणतो, एवढा प्लॅन केला म्हणजे शहाणा. हे शास्त्राला धरून नाही. शिवाय अनेक पेशंटना आपण आजारी आहोत हेच पटत नाही, ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यातसुद्धा 'मला काही झालेलं नाही' म्हणतात आणि स्वतःचीच केस बुडवतात. नॉर्वेत ब्रेव्हिक नावाच्या माणसानं २०११ मध्ये ७७ माणसं मारली, तिथं डॉक्टरांच्या पहिल्या टीमनं पॅरानॉइड, म्हणजे संशयाचे भ्रम असलेला, सिझोफ्रेनिया सांगितला, दुसऱ्या टीमनं नाही सांगितलं, आणि तो स्वतः मी शहाणाच म्हणून भांडत होता. २०१२ मध्ये कोर्टानं त्याला शहाणा धरलं. एवढी साधनं असलेल्या देशात ही गत, मग आपल्याकडं घटनेनंतर कितीतरी दिवसांनी तपासणाऱ्या डॉक्टरनं 'त्या मिनिटाला' डोक्यात काय होतं ते कसं सांगावं?

म्हणून कोर्ट आजूबाजूला बघतं. पळाला का, कपडे धुतले का, हत्यार लपवलं का, पहिल्यांदा कुणाला काय बोलला, कारण काय होतं. महाराष्ट्रातल्याच एका पोलीस कॉन्स्टेबलची केस आहे, त्यानं बायकोच्या डोक्यात दगड घालून खून केला होता. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, पण २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला कलम ८४ चा फायदा दिला. पॅरानॉइड सिझोफ्रेनियाचे उपचार घटनेच्या आधीपासून चालू होते, वडिलांनाही मानसिक आजार होता, दिवसाढवळ्या मारलं आणि लपायचा-पळायचा प्रयत्न केला नाही, अटकेनंतरही वारंवार हॉस्पिटलात न्यावं लागलं. यातला एक पुरावा एकटा असता तर पुरला नसता, सगळे एकत्र आले म्हणून साखळी बनली.

आता आपल्या भागातला एक अवघड विषय. सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावकडं बाईला डाकीण ठरवून मारल्याचे प्रकार झालेत. मारणाऱ्याला मनापासून वाटतं की हिनं माझं पोर खाल्लं. मग तो वेडा धरायचा का? नाही. मानसोपचारात भ्रम म्हणजे अशी समजूत जी त्या माणसाच्या समाजाला धरून नसते आणि पुरावा देऊनही हलत नाही, आणि डाकिणीची गोष्ट तर अख्ख्या पाड्याला खरी वाटते. तो आजारी नाही, अंधश्रद्धेत आहे, आणि तिथं खुनाचं कलम आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा दोन्ही लागतात. पण एखादा भगताकडं जाता जाता गावाच्या समजुतीच्याही पुढं निघून जातो, भिंतीतून आवाज यायला लागतात, स्वतःची आईच डाकीण दिसायला लागते, त्याला नुसता अंधश्रद्धाळू ठरवणं हाही तेवढाच अन्याय आहे, आणि हा फरक कळायला डॉक्टरला ती भाषा, ते देव माहीत असावे लागतात.

दारूचंही असंच. मोहाची पिऊन कुऱ्हाड चालवली आणि 'काही आठवत नाही' म्हटलं तर कायदा ऐकत नाही, स्वतःहून प्यायलास ना. पण रोजचा पिणारा अचानक थांबतो, दोन-तीन दिवसांनी थरथर सुटते, अंगावर किडे दिसतात, बायको ओळखू येत नाही, ती नशा नाही, तो आजार आहे आणि कोर्टांनी त्याला वेगळं धरलंय. बाळंतपणानंतरच्या सायकोसिसबद्दल तर आपण बोलतच नाही. हजार बाळंतपणांत एक-दोन बायकांना होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. अशा आईच्या हातून बाळ गेलं तर इंग्लंडात त्यासाठी १९२२ पासून वेगळा कायदा आहे. आपल्याकडं बाळ घेऊन विहिरीत उडी मारलेली आई वाचली तर तिच्यावर खुनाचं कलम लागू शकतं, आणि शिक्षेतून सुटायची वाट परत तीच, कलम २२ ची.

हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं. १९६४ च्या गुजरातमधल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं एवढी सवलत दिली की सरकारसारखं शंकेपलीकडं सिद्ध करायची गरज नाही, शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं तरी चालतं. पण ते दाखवायचं कशानं? कागदानं. आणि माझं सगळं दुखणं इथं आहे. आपल्याकडं पोरगा बडबडायला लागला की आधी भगत, मग दर्गा, मग दूरच्या नातेवाइकानं सांगितलेला बाबा, आणि सिव्हिलला नेलंच तर चार दिवस गोळ्या देऊन बंद, लग्न मोडेल म्हणून केसपेपर चुलीत. घटना घडल्यावर तीच माणसं कोर्टात सांगतात की हा लहानपणापासून येडा आहे, आणि जज विचारतात, उपचार कुठं घेतले? सोबत कॅरीबॅगमध्ये एक अर्धी स्ट्रिप, तीही नाव घासून गेलेली. या माणसाला आजार नव्हता असं नाही, आजाराची नोंदच कुठं नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गंभीर मानसिक आजाराच्या चार पेशंटपैकी साधारण तिघांना उपचार मिळत नाहीत असं दिसलं होतं. यातले जवळपास सगळे कुणाच्याही केसाला धक्का लावत नाहीत, उलट तेच मार खातात. म्हणून सांगतो, घरात कुणी असं वागत असेल तर सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत न्या, केसपेपर जपून ठेवा, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात. खून टाळायची खरी जागा तिथं आहे, कोर्टात नाही.

आणि 'सुटेल हा' म्हणणाऱ्यांसाठी. वेडामुळं निर्दोष ठरला तरी, त्यानं ते कृत्य केलं होतं की नाही हे निकालात लिहावं लागतं, आणि केलं असेल तर तो सरळ घरी जात नाही. कोर्ट त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगतं, नाहीतर नातेवाइकानं जामीन भरून, नीट सांभाळीन असं लिहून दिल्यावरच ताब्यात देतं. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथं आहेत, खानदेशात एकही नाही. तळोद्याच्या माणसाला ठाण्यात ठेवलं तर भेटायला जायचं म्हणजे मजुरी बुडवून दोन दिवस, आणि ज्या घरातला माणूस त्यानंच मारलाय त्या घरानं सही करून त्याला परत आणायचं असतं. ते घर सही करत नाही, तोवर तो तिथंच असतो.