आधुनिक चलन सिद्धांत

जे सरकार स्वतःचे चलन काढते आणि ते सोन्याशी किंवा परकीय चलनाशी ठरावीक दराने बांधून ठेवत नाही, त्याला त्या चलनात पैसे कमी पडू शकत नाहीत. त्याच्या खर्चाची खरी मर्यादा देशातील मनुष्यबळ, यंत्रे, धान्य आणि ऊर्जा ही असते, असे मानणारी अर्थशास्त्रातील मुख्य प्रवाहाबाहेरची विचारधारा. ‘मॉडर्न मॉनेटरी थिअरी’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एमएमटी म्हणतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हा घरखर्चाचा नियम सरकारला लागू नाही, हा तिचा सर्वांत गाजलेला दावा. ‘हवे तितके छापा’ असा त्याचा अर्थ विरोधकांनी लावला आणि काही उत्साही समर्थकांनीही. तो चुकीचा आहे.

नावात ‘आधुनिक’ असले तरी मुळे जुनी आहेत. गेओर्ग क्नाप या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने 1905 मध्ये चलन हे राज्यसंस्थेच्या कायद्याचे अपत्य असल्याचे मांडले. कर ज्या नाण्यात भरायचा ते नाणे लोकांना मिळवावेच लागते, म्हणून त्याला मागणी असते. आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतींत झोपडी-कर रोखीने मागितला जाऊ लागला आणि स्वतःपुरते पिकवणारे लोक मजुरीला बाहेर पडले, हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. अर्थशास्त्रज्ञ अॅबा लर्नर यांनी 1943 मध्ये अर्थसंकल्पाचा ताळा जुळतो की नाही हे न पाहता रोजगार आणि किमतींवर काय परिणाम होतो ते पाहावे, असे सुचवले. 1990 च्या दशकात वॉरन मोस्लर, बिल मिचेल आणि रँडल रे यांनी हे धागे एकत्र आणले. पुढे अर्थशास्त्रज्ञ स्टेफनी केल्टन यांच्यामुळे ते अमेरिकी राजकारणात पोहोचले.

पैशाची वाट : सरकारने रस्त्याच्या ठेकेदाराला 100 कोटी रुपये दिले की मध्यवर्ती बँकेतील सरकारी खात्यातून 100 कोटी वजा होतात आणि ठेकेदाराच्या बँकेच्या तेथील खात्यात तितकेच जमा होतात. ती बँक ठेकेदाराच्या खात्यात 100 कोटी दाखवते. म्हणजे एकाच वेळी बँकांची राखीव शिल्लकही वाढली आणि जनतेच्या ठेवीही. कर भरला की हाच प्रवास उलटा होतो. सरकारी रोखे विकल्यावर बँकांकडची ही जादा शिल्लक शोषली जाते. एरवी ती एका रात्रीच्या उधारीचा दर खाली ओढते. म्हणून या पंथाच्या मते रोखे हे पैसा उभारण्यापेक्षा व्याजदर सांभाळण्याचे साधन आहे. हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. समजा सरकारची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के आणि परदेशाशी चालू खात्यावरील तूट 2 टक्के आहे. तर देशातील खासगी क्षेत्राची निव्वळ बचत (बचत वजा गुंतवणूक) 4 टक्केच असणार. हा तर्क नाही, जमाखर्च आहे.

भारतात मात्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यामध्ये कायद्याने भिंत घातली आहे. 1955 पासून केंद्राची शिल्लक 50 कोटींखाली गेली की रिझर्व्ह बँक आपोआप ‘ॲड-हॉक’ ट्रेझरी बिले (सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रे) घेऊन ती भरून देत असे. 1 एप्रिल 1997 पासून ही सोय बंद झाली. आता मर्यादेपर्यंत तात्पुरती उचल मिळते आणि तिच्यावर रेपो दराने, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते त्या दराने, व्याज पडते. 2003 च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने 1 एप्रिल 2006 पासून, अपवाद वगळता, रिझर्व्ह बँकेला सरकारकडून थेट रोखे घेण्यास मनाई केली. तरी दुय्यम बाजारातून, म्हणजे आधी विकलेले रोखे इतरांकडून, ती घेतेच. एप्रिल ते जून 2021 या काळात तिने जाहीर करून 1 लाख कोटींचे रोखे घेतले. पुढचे दार बंद, मागचे उघडे.

रोजगाराची हमी : मागेल त्याला ठरलेल्या मजुरीवर सरकारने काम द्यावे, ही एमएमटीची मुख्य धोरणात्मक मागणी. मंदीत मजूर तिकडे येतात, तेजीत खासगी कामावर परततात आणि ती मजुरी किमतींचा पाया ठरते. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1977 चा, म्हणजे या पंथाच्या कितीतरी आधीचा. पण राज्याला चलन काढता येत नाही, म्हणून योजनेसाठी व्यवसाय कर लावावा लागला. सिद्धांतातील ‘चलन काढणारा’ आणि ‘चलन वापरणारा’ हा भेद येथे स्पष्ट दिसतो. प्रत्यक्षात अडचण मोजमापाची येते. पाझर तलावाच्या खोदाईचे पैसे घनमीटरवर मिळाले, तर अशक्त मजुराच्या पदरात ठरलेली मजुरी पडत नाही आणि पायाच खचतो.

महागाई आली तर कर वाढवून पैसा काढून घ्यावा, हा उपाय सिद्धांताची सर्वांत दुबळी बाजू आहे. कर झटपट वाढत नाहीत. भारतात जीएसटीचा दर बदलायला परिषदेत तीन चतुर्थांश भारित मते लागतात आणि केंद्राकडे एकूण मतांपैकी एक तृतीयांशच असतात. अमेरिकेत जून 2022 मध्ये महागाई 9.1 टक्क्यांवर गेली, तेव्हा ब्रेक तेथील संसदेने (काँग्रेसने) नव्हे, फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवून लावला. समर्थक त्या महागाईचा दोष पुरवठ्यातील खोळंब्याला देतात. त्यात तथ्य आहे, पण ब्रेक कोणाच्या पायाखाली हा प्रश्न उरतोच.

दुसरी मर्यादा देशाच्या सीमेवर लागते. रुपया कितीही काढता आला तरी डॉलर काढता येत नाही आणि भारत कच्च्या तेलाची 85 टक्क्यांहून अधिक गरज आयातीने भागवतो. 1991 मध्ये परकीय चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली, तेव्हा सुमारे 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावे लागले. श्रीलंकेने एप्रिल 2022 मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवली, तीही डॉलर संपले म्हणून. त्यामुळे ‘चलनी सार्वभौमत्व’ हे आहे किंवा नाही असे नसते, त्याला पायऱ्या असतात. सर्वांत वर अमेरिका. युरो वापरणारा ग्रीस 2010 च्या संकटात बराच खाली होता.

डॉलरचा गंगाजळी म्हणून वापर हे सत्तेचे हत्यारही आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे 300 अब्ज डॉलर इतकी परकीय गंगाजळी गोठवली. त्याच वर्षी जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी बँकांच्या खास व्होस्ट्रो खात्यांमार्फत (भारतीय बँकांत उघडलेल्या रुपया खात्यांमार्फत) रुपयांत व्यापार करण्याची सोय केली. भारताने रशियाकडून तेल भरपूर घेतले, पण रशियाने भारताकडून त्या मानाने थोडेच. मे 2023 मध्ये गोव्यातील बैठकीसाठी आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनीच सांगितले, की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साठले आहेत आणि ते वापरायचे तर आधी दुसऱ्या चलनात बदलावे लागतील.