व्हॅक्यूम लीक की पेट्रोल कमी? कोड एकच, आजार दोन

पेट्रोल एसयूव्हीचा चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला की ठरलेलं उत्तर मिळतं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाका." आमच्या सेव्हन सीटरला एका गॅरेजवाल्याने असेच दोन सेन्सर बसवले, दोन्ही वेळा आठवड्यात दिवा परत. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता, की इंजिनमध्ये हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे मिश्रण लीन आहे. ते का लीन आहे हे कोड सांगत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

लीनची नेहमीची कारणं दोन. एक, न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरतेय, हे व्हॅक्यूम लीक. दोन, हवा बरोबर आहे पण पेट्रोलच कमी येतंय, म्हणजे पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय नाहीतर इंजेक्टर चोंदलेत. लक्षणं वरवर सारखीच, गाडी मिसिंग करते, पिकअप मरतो, अॅव्हरेज पडतं. डिझेलवाल्यांनी हे वाचून घाबरू नका, तुमचं व्हॅक्यूम पंपातून येतं, तो विषय वेगळा.

आता खरा फरक, आणि हा नीट समजून घ्या. भोकातून शिरणारी हवा आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, सगळ्यात जास्त नडते. दीड लिटरचं इंजिन आयडलला सेकंदाला जेमतेम २-३ ग्रॅम हवा ओढतं, त्यात अर्धा ग्रॅम चोरून आली तर हिशोब पार बिघडतो. तीच गाडी खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरला दाबली की हवा ३०-४० ग्रॅमवर जाते, शिवाय थ्रॉटल (हवेची झडप) उघडल्यामुळे मॅनिफोल्डमधलं, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळकांड्यातलं, व्हॅक्यूमच उरत नाही, मग त्या भोकाला कोण विचारतो. पंपाचं बरोबर उलटं. आयडलला घोटभर पेट्रोल लागतं, ते थकलेला पंपही पुरवतो, पण घाटात मागणी वाढली की त्याचा दम संपतो.

म्हणून स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी (गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर) लावा, मोबाइलवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम उघडा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते आकडे, इंजिन गरम झालं की दोन्हीची बेरीज बघा. आमच्या गाडीत आयडलला २६ टक्के आणि २५०० आरपीएमला फक्त ४ होती. हे लीक. आयडलला ३ आणि चढावर २० असतं तर मी पंपाचं प्रेशर मोजायला सांगितलं असतं, किंवा आधी एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर साफ केला असता, कारण मळका एमएएफही जास्त हवेला असाच कमी आकडा सांगतो. आणि दोन्हीकडे सारखेच ४-५ टक्के जास्त दिसत असतील तर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा तेवढा परिणाम होतोच, उगाच नळ्या शोधत बसू नका.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत एमएएफ नसतो, मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा एमएपी असतो. तिथे चोरून आलेली हवाही मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारशी हलत नाही, आयडलच चढून बसतं किंवा रेस वर-खाली होत राहते.

लीक शोधायला माझं मत ठाम आहे, इंजिनच्या हवेच्या नळ्यांत धूर सोडणारं स्मोक मशीनच. दहा मिनिटांत धूर स्वतः बोट दाखवतो. कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का बघायची पद्धत चालते, पण गरम एक्झॉस्टजवळ ते पेट घेतं, म्हणून मी घरी करू देत नाही. त्याआधी फुकटच्या दोन गोष्टी करा. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उचला, ते जोरात ओढलं जात असेल आणि शिट्टी येत असेल तर पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ परत मॅनिफोल्डमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, पडदा फाटलाय. आणि ब्रेक दाबून धरल्यावर हिस्स आवाज येऊन आयडल डगमगलं तर ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा भाग) बघा, ते अजिबात लांबणीवर टाकू नका. थंडीत सकाळी त्रास आणि गरम झाल्यावर सगळं ठीक, असं असेल तर इन्टेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर संशय घ्या.

आमच्याकडे धूर आला मॅनिफोल्डच्या मागून, पीसीव्हीच्या नळीच्या वळणावरून. वरून नळी काळीभोर, धडधाकट, पण खालून बोट फिरवलं तर रबर तेलाने फुगून लिबलिबीत झालेलं आणि नखाएवढी चीर. गॅरेजचा पोरगा एम-सील घेऊन आला, मी थांबवलं. तेलकट रबरावर ते धरत नाही, आणि सुटलेला तुकडा आत ओढला गेला तर अजून मोठं काम. पूर्ण नळी बदला, क्लॅम्पही नवे टाका, आणि साधी पाण्याची नळी कापून लावू नका, व्हॅक्यूमने ती आत चिपकते.

काम झाल्यावर नुसता कोड पुसून गाडी ताब्यात घेऊ नका. दोन-तीन दिवस सिग्नलला आणि हायवेला चालवा आणि परत ट्रिम बघा. आमची आयडलची बेरीज आता २ च्या आसपास असते, आणि लाल सिग्नलला स्टेअरिंग थरथरायचं ते पूर्ण थांबलंय.