मॉडेल मालगाडीचा माल (टाकाऊ वस्तूंपासून)

मॉडेल रेल्वेच्या उघड्या वाघिणींत (मालडब्यांत) भरण्यासाठी घरातल्या टाकाऊ आणि भंगारातल्या वस्तूंपासून केलेला लघुरूप माल. कोळसा, खनिज, खडी, ओंडके, पाइप, पोलादाच्या गुंडाळ्या, यंत्रांची खोकी आणि खुद्द भंगार हे त्याचे नेहमीचे प्रकार. बंद डब्यात काय भरले आहे ते कुणाला दिसत नाही, पण उघड्या वाघिणीतला माल पाहणाऱ्याच्या नजरेसमोरून जातो. मालगाडी कुठून आली आणि कुठे निघाली, हे तो मालच सांगतो. म्हणून रिकाम्या वाघिणींची गाडी कितीही सुबक असली तरी अपुरी वाटते.

अमेरिकेत मॉडेल रेल्वेच्या छंदाची संघटित सुरुवात १९३०च्या दशकात झाली. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक १९३४ मध्ये निघाले आणि १९३५ मध्ये राष्ट्रीय मॉडेल रेलरोड संघटना स्थापन झाली. हाताशी असेल त्यातून वस्तू घडवण्याची सवय या छंदात पहिल्यापासून आहे. दुसऱ्या महायुद्धात धातू युद्धसामग्रीकडे वळल्यावर १९४२ मध्ये लायोनेल कंपनीच्या खेळण्यातल्या गाड्यांचे उत्पादन थांबले आणि १९४३ मध्ये तिने चक्क पुठ्ठ्याची गाडी विकायला काढली.

माल पटण्याजोगा होतो तो प्रमाणामुळे. सर्वाधिक प्रचलित ‘एचओ’ प्रमाण १:८७ आहे. त्यात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस दोन सेंटीमीटरचा होतो आणि ५० मिलिमीटरची खडी जेमतेम ०.६ मिलिमीटरची. नवखे हौशी इथेच चुकतात. कुंडीतली बारीक खडी ते वाघिणीत भरतात आणि ती दीड-दोन फुटी धोंड्यांसारखी दिसते. टाकाऊ वस्तू हाती आली की ‘ही कशासारखी दिसते?’ याबरोबरच ‘८७ पट मोठी केली तर केवढी होईल?’ हेही विचारावे लागते. शीतपेयाची ६ मिलिमीटर जाडीची नळी म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडा जाड पाइप, आणि संपलेल्या पेनाची रिफील म्हणजे त्याहून बारीक.

कोळशावर सगळ्यात जास्त प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत कॉफीचा चोथा वापरण्याची पद्धत जुनी आहे. तो ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात पूर्ण वाळवावा लागतो, नाहीतर काही आठवड्यांत वाघिणीत बुरशी धरते. वाळल्यावरही तो तपकिरीच राहतो, त्यामुळे काळा रंग द्यावा लागतो. वापरलेल्या चहाची पाने फुगून चपटी होतात, म्हणून चहाचा चोथा कोळशापेक्षा पालापाचोळ्याला बरा. शेगडीतला लोणारी कोळसा कुटला तर रंग मिळतो, पण तो मंद दिसतो. दगडी कोळशाच्या ताज्या कडा उजेडात चमकतात. खऱ्या दगडी कोळशाचा एक खडा मिळाला तर तो फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडावा आणि चहाच्या गाळणीतून चाळून घ्यावा. याच्या तोडीचे दुसरे काही नाही.

हा कोळसा नुसता ओतत नाहीत. पॅकिंगमधल्या थर्माकोलचा ठोकळा वाघिणीच्या आतल्या मापापेक्षा प्रत्येक बाजूने सुमारे एक मिलिमीटर कमी कापतात आणि वरून उंचवटे कोरतात. खाणीवर माल थांबून-थांबून पडला असेल तर ढिगाच्या दोन-तीन टेकड्या होतात. चालत्या गाडीत सलग भरला असेल तर माथा सपाट आणि कडा उतरत्या राहतात. ठोकळा आधी पाण्यात मिसळणाऱ्या काळ्या रंगाने रंगवावा, म्हणजे कणांच्या फटींतून पांढरे डोकावत नाही. स्प्रेचा रंग मात्र थर्माकोल विरघळवतो. मग फेविकॉलसारखा पांढरा गोंद लावून कोळसा भुरभुरवायचा. वरून पातळ केलेला गोंद ड्रॉपरने सोडायचा आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. साबण नसेल तर गोंदाचे थेंब मोत्यासारखे वरच बसतात आणि कोळसा सोबत घेऊन घरंगळतात. ठोकळ्याच्या माथ्याखाली लोखंडी वॉशर दडवला की लोहचुंबक टेकवून सगळा माल अलगद उचलता येतो.

भंगाराची गाडी करायला भंगारच लागते. बंद पडलेल्या घड्याळाची चाके, तारांचे तुकडे, शीतपेयाच्या डब्याचा चुरगळलेला पत्रा, लेथवरचा किस हे सगळे गंजाच्या दोन-तीन छटांत रंगवून भरतात. लोखंडी किस मात्र टाळावा आणि पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा घ्यावा. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असते, ते सुटा लोखंडी कण ओढून घेते आणि मोटर अडकते. केडी कंपनीच्या पद्धतीत डबे सोडवण्यासाठी रुळांमध्ये चुंबक असतात, त्यांच्यावरून जाताना लोखंडी माल भरलेली हलकी वाघीणही जागच्या जागी दचकते.

वजनाचे भानही हवे. पोलाद कोळशाच्या कितीतरी पट जड असते, म्हणून खऱ्या वाघिणीत पोलादी पत्रे तळाशीच राहतात आणि वरची बाजू रिकामी दिसते. काठोकाठ भरलेले पत्रे जाणत्या माणसाला लगेच खटकतात. दीड मीटर व्यासाची, सव्वा मीटर रुंद पोलादी गुंडाळी साधारण १५ टनांची भरते. मॉडेलमध्ये चकचकीत वेष्टनाची पट्टी रिफीलभोवती १७ मिलिमीटर होईपर्यंत गुंडाळली की ती तयार. तिला दोन्ही बाजूंनी टूथपिकच्या पाचरी हव्यातच. उघडा माल कसा आवळायचा याचे अमेरिकन रेल्वेचे सविस्तर नियम आहेत आणि चांगले हौशी ते मॉडेलमध्येही पाळतात. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पातळ गोंदात भिजवतात. तो खोक्यांवर अंथरला की चुण्या आपोआप पडतात.

भरलेली वाघीण नेहमी खाणीतूनच बाहेर यावी यासाठी अमेरिकन हौशींनी एक सुंदर युक्ती काढली. खाण आणि वीजकेंद्र एकाच डोंगराच्या दोन बाजूंना ठेवून त्यांचे रूळ आतून जोडायचे. वीजकेंद्रात ढकललेल्या भरल्या वाघिणी खाणीकडून बाहेर येतात आणि खाणीत ढकललेल्या रिकाम्या वीजकेंद्राकडून. मालाला हात लावावा लागत नाही.

पुण्यात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे, त्यामुळे मराठी वाचकांना हे जग अगदीच परके नाही. चंद्रपूरच्या वीजकेंद्राकडे जाणारी कोळशाची गाडी करायची तर लागते ती भारतीय रेल्वेची ‘बॉक्स-एन’ ही उघडी वाघीण. ती जोडण्यांसह १०.७ मीटर लांब असते, म्हणजे एचओ प्रमाणात १२ सेंटीमीटरच्या थोडी वर. अमेरिकन वाघिणींसाठी केलेला तयार कोळसा तिच्यात बसत नाही. तिच्या पोटाचे माप घेऊन ठोकळा घरीच कापावा लागतो.