‘लग्न लावून द्या, दारू आपोआप सुटेल’ : हा सल्ला का ऐकू नये

पिणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना नातेवाईक हमखास सांगतात, ‘लग्न करून टाका, जबाबदारी पडली की सुधारेल.’ हे खरं नाही. व्यसन हा आजार आहे. अक्षता पडल्याने तलफ जात नाही. होतं एवढंच, की त्याचं पिणं झाकण्याचं आणि उधारी फेडण्याचं काम आईकडून सुनेकडे जातं. एका निरपराध मुलीवर हा अन्याय आहे.

बदलायचं आहे ते हे झाकणं. त्याची उधारी फेडू नका. ऑफिसला ‘ताप आलाय’ असा खोटा फोन करू नका. हातात रोख किंवा यूपीआयने पैसे देऊ नका. फी किंवा औषधाचं बिल थेट भरा. जेवण आणि उपचाराचा खर्च मात्र थांबवू नका. नियम घरातल्या सगळ्यांचा एकच हवा. आजीने गुपचूप दोनशे रुपये दिले, की सगळं फसतं.

रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून त्याची दारू एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, पुढे दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 निःशुल्क आहे. पालकही फोन करू शकतात.