उतारवयातला कार्डियाक अरेस्ट आणि सीपीआर

कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपिंग अचानक थांबणं. लोक याला सरसकट हार्ट अटॅक म्हणतात पण दोन्ही वेगळं आहे, अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो, अरेस्टमध्ये मात्र काही सेकंदांत शुद्ध जाते आणि नाडी लागत नाही. अटॅकमुळे अरेस्ट येतो हे खरंच आहे, पण म्हाताऱ्या माणसांत न्यूमोनिया, रक्तात पसरलेलं इन्फेक्शन, किडनी बंद पडून वाढलेलं पोटॅशियम अशी कारणंही भरपूर असतात. म्हणजे हृदय शेवटी थांबतं, बिघाड आधीच दुसरीकडे सुरू झालेला असतो. अशा वेळी मॉनिटरवर बहुतेकदा सरळ रेषा दिसते किंवा रेषा हलते पण नाडी नसते, आणि या दोन्हींत विजेचा शॉक देऊन उपयोग होत नाही.

घरी एक गोष्ट नेहमी फसवते. बेशुद्ध माणूस अधूनमधून तोंड उघडून घोरल्यासारखा आवाज करतो आणि घरच्यांना वाटतं श्वास चालू आहे, झोप लागली असेल. ते आचके असतात, श्वास नव्हे. मेंदूला रक्त मिळालं नाही तर ४ ते ६ मिनिटांत इजा सुरू होते, त्यामुळे इथे गेलेला वेळ भरून निघत नाही.

छाती न उघडता बाहेरून दाबून रक्त फिरतं ठेवायची पद्धत १९६० साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी मांडली. सीपीआर म्हणजे अशी छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं: छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल दाबायचं, ३० दाबांनंतर २ श्वास, श्वास द्यायला जमत नसेल तर नुसतं दाबत राहायचं. कवळी घट्ट असेल तर तशीच ठेवावी, ओठांना आधार मिळतो, सैल असेल तर काढावी. पेसमेकरचा फुगवटा दिसला तर शॉकचं पॅड त्यावर न लावता बाजूला लावतात. म्हाताऱ्यांची हाडं ठिसूळ असतात, पहिल्या काही दाबांतच तळव्याखाली बरगडी कडकन मोडल्याचं कळतं आणि दाबणारा घाबरून हात उचलतो. उचलू नये, बरगडी जुळते.

वाचतात किती? हॉस्पिटलमध्येच अरेस्ट आलेल्या वृद्धांचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली काढलेले आकडे असे: जिवंत घरी जाणारे सत्तरीत साधारण १९ टक्के, ऐंशीत १५, नव्वदीनंतर १२. लोकांना हे फार कमी वाटतं, कारण टीव्हीवर वेगळंच दिसतं. १९९६ च्या एका अभ्यासात अमेरिकन मालिकांमधले चारपैकी तीन पेशंट सीपीआरनंतर निदान त्या वेळेपुरते तरी वाचताना आढळले होते. आणि वाचलेला प्रत्येक जण पूर्वीसारखा हिंडताफिरता होतोच असं नाही, काहींना पुढे कायम दुसऱ्याच्या आधारावर राहावं लागतं.

तरी वय बघून निकाल लावणं मला चुकीचंच वाटतं. रोज स्वतः बाजारात जाणारी ८५ वर्षांची बाई आणि कॅन्सर पसरून अंथरुणाला खिळलेला ७० चा माणूस यांत पहिलीची शक्यता जास्त. म्हणून डॉक्टर आजकाल शरीर किती खंगलंय ते मोजतात, १ ते ९ ची एक फ्रेल्टी स्केल त्यासाठी वापरतात.

ज्यांना सीपीआर नको त्यांच्यासाठी डीएनआर (डू नॉट रिससिटेट) हा आधीच नोंदवलेला निर्णय असतो. त्याचा अर्थ हृदय थांबलं तर छाती दाबू नका, एवढाच. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, दुखणं कमी करणारी औषधं सगळं चालू राहतं, "डीएनआर म्हणजे सोडून दिलं" ही समजूत खोटी आहे आणि तिच्यामुळे घराघरांत नाहक भांडणं होतात. आयसीयूच्या दारात मध्यरात्री मुलांना विचारण्यापेक्षा आई बोलती असताना आईलाच विचारलेलं केव्हाही बरं. निर्णय नंतर बदलताही येतो. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांशी तो विषय पुन्हा काढतात, कारण टेबलवर आलेला अरेस्ट बऱ्याचदा भुलीच्या औषधाने किंवा रक्तस्रावाने आलेला असतो आणि तिथल्या तिथे उलटवता येतो.