स्तनकर्करोगाचे रीस्टेजिंग : प्रतिमा-तपासण्यांची तुलना

स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाल्यावर आजार उलटल्याची शंका आली, की तो आता शरीरात कुठवर पोचला आहे हे नव्याने ठरवणे म्हणजे रीस्टेजिंग. हाडे, फुप्फुसे, यकृत आणि मेंदू ही पसरण्याची नेहमीची ठिकाणे. काहीच तक्रार नसलेल्या बाईला वर्षाला एक मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची हाताची तपासणी पुरते. ‘एकदा सगळं स्कॅन करून टाका’ हा नातेवाइकांचा आग्रह सहसा वायाच जातो.

जुनी जोडी म्हणजे छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला) आणि बोन स्कॅन, म्हणजे हाडांचा स्कॅन. बोन स्कॅनमध्ये टोचलेले टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य नवे हाड घडते तिथे साचते. त्यामुळे हाड नुसते पोखरणारा डाग सुटू शकतो. उलट बीडकडच्या ऊसतोड बाईच्या मणक्यातली झीजही उजळते. औषध लागू पडून हाड भरून येत असतानाही पहिले काही महिने डाग वाढल्यासारखे दिसतात. अशा वेळी घाईने केमो बदलली तर चांगले चाललेले औषध हातचे जाते.

पेट-सीटीत एफडीजी हे साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य टोचतात. पेशी ते किती ओढतात, हे दिसते. दूरवर पसरलेला आजार आणि पोखरणारे डाग शोधण्यात ती जुन्या जोडीपेक्षा सरस आहे. मात्र लोब्युलर (दुधाच्या ग्रंथींतून उगवणाऱ्या) प्रकारचा कर्करोग एफडीजी कमी घेतो, फुप्फुसातल्या बारीक गाठी सुटतात, आणि मेंदू मुळातच साखर भरपूर घेत असल्याने तिथला डाग त्यात बुडून जातो. मेंदूसाठी एमआरआयच हवा. मधुमेही बाई सकाळी चहा पिऊन आली, तर तपासणी पुढे ढकलावी लागते.

मराठवाड्यात निवड ठरवताना घड्याळही पाहावे लागते. एफडीजीचा किरणोत्सार ११० मिनिटांत निम्मा होतो. छत्रपती संभाजीनगर ते नांदेड गाडीला पाच तास धरले, तर वाटेत त्याचा जेमतेम सातवा हिस्सा उरेल. टेक्नेशियमचे तसे नाही. त्याचा जनरेटर, म्हणजे ते तयार करणारे छोटे उपकरण, एकदा आणून ठेवला, की धार काढावी तसे रोज सकाळी टेक्नेशियम काढता येते आणि ते सहा तासांनी निम्मे होते. म्हणूनच सायक्लोट्रॉनपासून (एफडीजीसाठीचे किरणोत्सारी द्रव्य बनवणाऱ्या यंत्रापासून) लांबच्या गावी बोन स्कॅन अजून मोडीत निघालेला नाही. हिंगोली-परभणीकडच्या बाईला पेट-सीटीसाठी उपाशीपोटी प्रवास करावा लागतो, तेव्हा सीटी आणि बोन स्कॅनने भागणार असेल तर ते आधी करणे शहाणपणाचे.

छातीवरच्या व्रणाजवळची किंवा काखेतली गाठ पाहायला सोनोग्राफी स्वस्त आणि पुरेशी. तपासणीचा तुकडा काढायला सुई घालतानाही तीच कामी येते. व्रण की नवी गाठ हा पेच स्तनाच्या एमआरआयने बहुधा सुटतो. स्कॅनमध्ये डाग दिसला तरी शक्य असेल तिथे त्याचा तुकडा तपासावा लागतो, कारण उलटलेल्या आजारात ईआर, पीआर (संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-२ (पेशीवरचे एक प्रथिन) या औषध ठरवणाऱ्या चाचण्यांचे निकाल पहिल्यापेक्षा वेगळे येऊ शकतात. जुन्या फिल्म आणि सीडी सोबत न्याव्यात. नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून तुलना होत नाही, आणि पिशवीतून नेमकी फिल्मच घरी राहते.