ऑलिम्पिकचा कोटा नक्की कोणाचा? कुस्तीतली निवड, बदली आणि वजनकाटा, थोडी पार्श्वभूमी

7 ऑगस्ट 2024, बुधवार. पाऊस नुसता कोसळत होता आणि आम्ही साखळीत गाड्यावर भाजीपाव खात उभे होतो तेवढ्यात मोबाईलवर आलं की पॅरिस ऑलिम्पिकमधून पैलवान विनेश फोगट बाद, 50 किलोच्या गटात 100 ग्रॅम वजन जास्त. आदल्या रात्री तिने फायनल गाठलेली, सगळे जण गोल्ड की सिल्व्हर एवढंच बोलत होते. आणि मग गाड्यावरच्या एकाने विचारलं, "मग आता फायनल कोण खेळणार, समोरची अशीच जिंकली?" त्याला उत्तर द्यायला कोणाकडेच काही नव्हतं. मी कुस्ती बऱ्यापैकी फॉलो करतो, माझा भाचा खेळतो, तरी मलाही त्या क्षणी सांगता आलं नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

फायनल खेळली क्युबाची युस्नेलिस गुझमान. हीच गुझमान आदल्या दिवशी सेमीफायनलला विनेशकडून 5-0 ने हरली होती. नियम असा की दुसऱ्या दिवशी सकाळी वजन देताना जो पैलवान नापास होतो तो सगळ्यात शेवटच्या नंबरावर जातो, आणि फायनलला सेमीत त्याच्याकडून हरलेला उभा राहतो. गुझमानला सिल्व्हर मिळालं, गोल्ड अमेरिकेच्या सारा हिल्डेब्रँडने नेलं. आणि जपानची युई सुसाकी, जिला विनेशने पहिल्याच फेरीत 3-2 ने हरवलं होतं, ती रेपेचाजमधून ब्रॉंझ घेऊन गेली. रेपेचाज म्हणजे फायनलला गेलेल्याकडून जे हरले त्यांना मिळणारी दुसरी संधी. म्हणजे विनेशचं नाव यादीच्या तळाला आणि तिच्याकडून हरलेल्या दोघी पोडियमवर. क्रीडा लवादाकडे दाद मागितली, सिल्व्हर वाटून द्या म्हणून, ती 14 ऑगस्टला फेटाळली.

आता मागे जाऊया, कारण ही निवडीची आणि बदलीची भानगड आजची नाही.

1920 ला अँटवर्पला भारतातून जी पहिली टीम गेली त्यात दोन मराठी पैलवान होते, नवले आणि शिंदे. तेव्हा क्वालिफाय वगैरे प्रकार नव्हता, दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला, पैसे उभे केले आणि पोरं गेली. रणधीर शिंदे फेदरवेटमध्ये चौथे आले. त्यानंतर खाशाबा जाधव. कराडजवळचं गोळेश्वर त्यांचं गाव. 1948 ला लंडनला सहावे आले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर, आणि 1952 च्या हेलसिंकीसाठी तर निवडीतच अडकले होते. निवड चाचणीत एका गुणाने मागे ठेवलं, आपल्यावर अन्याय झाला असं त्यांचं म्हणणं, पतियाळाच्या महाराजांपर्यंत गाऱ्हाणं नेलं, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती खाशाबांनी जिंकली तेव्हा कुठे नाव लागलं. पुढे पैशांसाठी राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपल खर्डीकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. एवढं करून माणूस हेलसिंकीला पोचला आणि बँटमवेटमध्ये ब्रॉंझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

तिथलीही एक गोष्ट कुस्तीवाले अजून सांगतात. जपानच्या इशीईबरोबरची लांबलेली कुस्ती हरल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत पैलवानाबरोबर उतरवलं. मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नियम पुस्तकात असून भागत नाही, तो तोंडपाठ असलेला आपला माणूस मॅटशेजारी उभा पाहिजे.

आपल्या गोव्यासाठी हा सगळा काळ बाहेरचा. 1952 ला इथे पोर्तुगीज राज्य, 19 डिसेंबर 1961 पर्यंत भारताच्या टीमचा दरवाजाच आपल्याला बंद. त्यानंतरही इथे फुटबॉलच मोठा राहिला, आणि ज्याला कुस्ती शिकायची तो घाट चढून बेळगाव, कोल्हापूरकडे जातो. माझा भाचाही चोर्ल्यातून बेळगावला तालमीत जायचा, पहाटेच्या गाडीने, घाटात धुकं एवढं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवायचा.

बरं, आता कोटा, म्हणजे ऑलिम्पिकला खेळायची मोजकी जागा. पूर्वी एका वजनात एका देशाचा एक पैलवान, ज्याला परवडेल त्याने पाठवावा. पुढे ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंच्या एकूण संख्येवर मर्यादा आली आणि जागा मोजून वाटायची वेळ आली. त्यात फेब्रुवारी 2013 ला तर ऑलिम्पिक कमिटीच्या मंडळाने कुस्तीच बाहेर काढायची शिफारस केली होती. जागतिक कुस्ती फेडरेशनचे अध्यक्ष गेले, नियम बदलले, बायकांचे वजनगट 4 वरून 6 झाले, मग सप्टेंबरला कुस्ती परत आत आली. आज ऑलिम्पिकला 18 वजनगट (पुरुष फ्रीस्टाइल 6, ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखाली पकड न करता खेळायची कुस्ती 6, महिला 6) आणि प्रत्येक गटात फक्त 16 पैलवान. एकूण 288.

हे 16 कसे ठरतात? पॅरिसच्या वेळी 2023 च्या बेलग्रेडच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून 5 जागा, मग आशिया, युरोप, आफ्रिका आणि अमेरिका अशा चार खंडांच्या स्पर्धांतून प्रत्येकी 2 म्हणजे 8, आणि उरलेल्या 3 शेवटच्या वर्ल्ड क्वालिफायरमधून. टोकियोला वर्ल्डमधून 6 आणि शेवटच्या स्पर्धेतून 2 होत्या, बाकी तेच. एकूण संधी तीन, आणि ज्याचा तिन्ही वेळा नंबर हुकला तो घरी, मग त्याने आधी काहीही जिंकलेलं असो.

आणि आता जी गोष्ट कळली की निम्मी भांडणं समजतात ती ही, की कोटा पैलवानाचा नसतो, देशाचा असतो. जिंकून आणतो पैलवान, जमा होतो देशाच्या ऑलिम्पिक संघटनेच्या खात्यात. तिथे दुसऱ्याला पाठवायचं तर देश पाठवू शकतो, फक्त वजनगट तोच पाहिजे. देशाने जागा वापरलीच नाही तर ती त्याच स्पर्धेत पुढच्या नंबरावर असलेल्या देशाकडे जाते. एकदा एंट्रीची तारीख संपली की मग दुखापतीसारखं ठोस कारण दाखवून, परवानगी घेऊनच नाव बदलतं, आणि स्पर्धेचं वजन देऊन झालं की ते दारही बंद.

याच नियमाने 2016 ला आपल्या नरसिंग यादवचं काय केलं ते बघा. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, 2015 च्या लास वेगासच्या वर्ल्डमध्ये 74 किलोत ब्रॉंझ आणि त्याबरोबर रिओचा कोटा. दोन ऑलिम्पिक पदकं जिंकलेला सुशीलकुमार म्हणाला कोटा देशाचा आहे, माझ्याबरोबर ट्रायल लावा. नियमाने बघितलं तर म्हणणं चूक नव्हतं, पण ट्रायल लावायची की नाही हा भारतीय कुस्ती फेडरेशनचा अधिकार, आणि फेडरेशन म्हणालं ज्याने कोटा आणला तोच जाणार. 6 जून 2016 ला दिल्ली हायकोर्टानेही सुशीलची याचिका फेटाळली. महाराष्ट्रात, आणि इथे गोव्यातही, आमच्यासारखे सगळे नरसिंगच्या बाजूने होतो. मग डोपिंग टेस्टमध्ये तो पॉझिटिव्ह. तो म्हणत राहिला की माझ्या खाण्यात कोणीतरी मिसळलं. फेडरेशनने बदली म्हणून प्रवीण राणाचं नाव पाठवलं. 1 ऑगस्टला नाडाने, म्हणजे भारताच्या डोपिंगविरोधी संस्थेने, नरसिंगला निर्दोष ठरवलं, राणाचं नाव मागे, नरसिंग परत आत, विमानाने रिओला. आणि 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) अपिलावर क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. आता बदली करायला वेळच नव्हता. 74 किलोत भारताचा कोणीच उतरला नाही, ना नरसिंग, ना सुशील, ना राणा. मला आजही ते आठवलं की गलबलून येतं.

आता याच्या शेजारी सुमित मलिकची केस ठेवा. मे 2021, सोफियाला शेवटच्या क्वालिफायरमधून 125 किलोत टोकियोचा कोटा आणला आणि डोपमध्ये सापडला. तिथे बदली पैलवान पाठवताच आला नाही. कारण त्याचं सॅम्पल त्याच क्वालिफायर स्पर्धेतलं होतं, निकाल रद्द झाला की त्या निकालावर मिळालेला कोटाही जातो. नरसिंगचं सॅम्पल कोटा मिळाल्याच्या कितीतरी महिन्यांनी घेतलेलं, म्हणून देशाची जागा शाबूत होती आणि राणाचं नाव तरी देता आलं. दोन्ही बातम्या पेपरात "डोपिंग" याच एका शब्दाखाली आल्या, पण फरक एवढा मोठा.

दुसऱ्याच्या डोपिंगने आपल्याला जागा मिळाल्याचंही झालंय. रिओच्याच वेळी बबिता फोगटला 53 किलोची जागा मंगोलियाची पैलवान डोपमध्ये सापडल्यावर मिळाली, ग्रीकोमध्ये रविंदर खत्रीला किर्गिझस्तानच्या पैलवानामुळे. आणि सगळ्यात मोठी बदली म्हणजे साक्षी मलिक. 58 किलोत आधी गीता फोगट खेळत होती, उलानबातरच्या क्वालिफायरमध्ये रेपेचाजला उतरली नाही म्हणून फेडरेशनने तात्पुरती बंदी घातली, पुढच्या इस्तंबूलच्या स्पर्धेला साक्षीला पाठवलं, तिने तिथे कोटा काढला आणि रिओला ब्रॉंझ. त्याच उलानबातरला विनेश 400 ग्रॅमने वजनात नापास झाली होती आणि नंतर इस्तंबूलमधून क्वालिफाय झाली. वजनाशी तिची लढाई पॅरिसमध्ये सुरू नाही झाली.

पॅरिसची पार्श्वभूमी तर आपल्या इथल्या नॅशनल गेम्सच्या सुमाराचीच. 26 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर 2023 गोव्यात 37व्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, तेव्हा बऱ्याच लोकांना वाटत होतं इथे जिंकलेले ऑलिम्पिकला जाणार. तसा काही संबंध नाही, तिथून कोटा मिळत नाही. उलट त्या वेळी भारतीय फेडरेशनच सस्पेंड होतं, निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेने 23 ऑगस्टला निलंबित केलेलं. त्यामुळे सप्टेंबरला बेलग्रेडला आपले पैलवान तिरंग्याशिवाय खेळले. अंतिम पंघालने तशातच 53 किलोत ब्रॉंझ घेतलं आणि कोटा मात्र भारताच्याच खात्यात पडला, कारण तो देशाच्या ऑलिम्पिक संघटनेचा, फेडरेशनचा नव्हे. (त्याच्या आधी एशियन गेम्ससाठी विनेशला ट्रायलमधून सूट मिळाली म्हणून अंतिम कोर्टात गेली, हरली, स्टँडबाय राहिली, मग विनेशच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हांगझोऊला अंतिमच गेली, ब्रॉंझ घेऊन आली.)

53 ची जागा भरली म्हणून विनेश खाली 50 मध्ये आली. मार्च 2024 ला पतियाळाच्या ट्रायलला एकाच दिवशी 50 आणि 53 दोन्हीत उतरली, 50 जिंकली, एप्रिलला बिश्केकमधून कोटा काढला. तिकडे पुरुषांच्या ट्रायलमध्येच टोकियोचा सिल्व्हरवाला रवी दहिया अमन सेहरावतकडून हरला, टोकियोचा ब्रॉंझवाला बजरंग पुनियाही बाद. मग फेडरेशनने ठरवलं की आता नवीन ट्रायल नाही, कोटा आणणाराच जाईल.

राहिला वजनकाटा. 2017 पर्यंत वजन एकदाच, आदल्या संध्याकाळी, आणि मग रात्रभर खाऊन पिऊन पैलवान पाच-सहा किलो भरून सकाळी उतरायचे. 2018 पासून एक गट दोन दिवस चालतो आणि दोन्ही सकाळी वजन. काही स्पर्धांत 2 किलोची सूट असते, ऑलिम्पिकला शून्य. पॅरिसला अमननेही ब्रॉंझच्या कुस्तीआधी रातोरात 4 किलोच्या वर उतरवलं, तो वाचला. सप्टेंबर 2025 ला झाग्रेबच्या वर्ल्डमध्ये तोच अमन 1.7 किलोने नापास.

हे मी घरात बघितलंय. भाचा 57 मध्ये खेळायचा, वाढतं वय, वजन 61 च्या आसपास. चवथीच्या दिवसांत बहीण नेवऱ्या तळत होती आणि हा त्याच स्वयंपाकघरात अंगात दोन स्वेटर, वर रेनकोट घालून दोरीवर उड्या मारत होता. उड्या थांबल्या की बनियन पिळून बादलीत घाम काढायचा, पाण्याने नुसती चूळ भरून थुंकायचा, काट्यावर उभा राहायचा. 57.300. पुन्हा दोरी. डब्यात त्याच्या वाटच्या नेवऱ्या बाजूला ठेवलेल्या, नंतर खाईल म्हणून. त्या निवडीत तो दुसरा आला, स्टँडबाय. पहिल्याचा खांदा निखळला, पण हे आम्हाला कळवलं कधी, तर एंट्रीची तारीख होऊन गेल्यावर. बदलीचा अर्जच वेळेत गेला नव्हता. जागा रिकामी गेली. कोणावर आरोप करून ते परत येणार नाही, पण तेव्हापासून तारीख आणि फॉर्म या दोन गोष्टी मी स्वतः बघतो.

आता तो 61 मध्ये खेळतो. मी त्याला सांगितलं की 61 ऑलिम्पिकचा गटच नाही, राहुल आवारेने 2019 च्या वर्ल्डला 61 मध्ये ब्रॉंझ घेतलं, पण त्यावर टोकियोचा कोटा मिळाला नाही. मान हलवून म्हणाला, "ठाऊक आहे मामा, 65 पर्यंत अंग भरायचंय." आणि ताटात आणखी भात घेतला.